सावनेरच्या पेठेतली स्पॅनिश

नागपुराहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या जुन्या मार्गावर, कोलार नदीच्या काठी वसलेले सावनेर हे तालुक्याचे गाव इतिहासाच्या मोठ्या ग्रंथांत क्वचितच आढळते, आणि जेथे आढळते तेथे त्याचा उल्लेख एखाद्या हेमाडपंती देवळापुरता, कापसाच्या बाजारापुरता किंवा १८६७ साली स्थापन झालेल्या नगरपालिकेपुरताच असतो. त्याच १८६७ साली मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपुरास पोहोचला. अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धामुळे वऱ्हाड-नागपूरच्या रुईला चढलेला भाव तेव्हा उतरला होता, परंतु त्या भावाने लावलेली कपाशीची सवय मात्र उतरली नाही. पुढे सरकी वेगळी करणारे जिन आणि गठाणी बांधणारे प्रेस आले, मळ्यांतून संत्र्याच्या बागा उभ्या राहिल्या, भूगर्भातून दगडी कोळसा निघू लागला, आणि अडते, दलाल, मापारी, हमाल व कारकून यांच्या बोलीने ही पेठ गजबजून गेली. जगातील वीस देशांत राजभाषा असलेल्या आणि सुमारे ५० कोटी माणसांची मातृभाषा असलेल्या स्पॅनिशशी या पेठेचा काही संबंध असेल असे सकृद्दर्शनी कोणासही वाटणार नाही. तथापि नोकरीसाठी म्हणा, परदेशगमनासाठी म्हणा वा निव्वळ हौसेने म्हणा, येथील एखाद्या मुलीने त्या भाषेतील नित्याचे शब्द पाठ करावयास घेतले, तर त्यांतील बरेचसे शब्द तिच्या वडिलांच्या बागेत, आजीच्या फडताळात आणि तहसील कचेरीच्या जुन्या दप्तरात पूर्वीपासून नांदत असल्याचे तिच्या ध्यानात येईल. शब्दांचा प्रवास पंडितांच्या पोथ्यांतून थोडा आणि व्यापाऱ्यांच्या गोण्यांतून, कारकुनांच्या बाडांतून व शेतकऱ्यांच्या बियाण्यांतून पुष्कळ होतो, या सिद्धांताला सावनेरइतके सोयीचे उदाहरण शोधूनही सापडणे कठीण.

आरंभ संत्र्यापासूनच करणे उचित. नागपूरकर भोसल्यांनी औरंगाबादेकडून आणविलेल्या कलमांपासून या प्रांतातील संत्र्याची लागवड वाढली, अशी परंपरा आहे. आज आंबिया आणि मृग या दोन बहारांवर येथील बागायतदाराचे वर्षाचे गणित बसते. मोसंबीच्या जातीच्या गोड फळाला स्पॅनिशमध्ये ‘नारान्हा’ म्हणतात. त्यातील ‘ह’ हा मूळच्या ‘ज’चा अवशेष आहे, कारण संस्कृतातील ‘नारंग’ इराणात ‘नारंग’च राहिले, अरबांच्या मुखी ‘नारंज’ झाले, आणि इसवी सन ७११ मध्ये अरब-बर्बर सैन्याने स्पेनमध्ये पाऊल ठेवल्यानंतर तेथील सिंचित बागांतून त्या भूमीच्या भाषेत रुजले. परंतु सावनेरच्या बागेतील सैल सालीच्या फळास स्पॅनिश मनुष्य ‘नारान्हा’ म्हणणार नाही, ‘मांदारीना’ म्हणेल. आणि या दुसऱ्या शब्दाचा इतिहास पहिल्याहूनही मौजेचा आहे. संस्कृतातील ‘मंत्रिन्’ मलाया द्वीपकल्पात जाऊन ‘मंतरी’ झाला, मलाक्क्याच्या पोर्तुगीजांनी त्याचा ‘मांदारीं’ केला आणि चीनच्या बादशाही अंमलदारांस तो लावला, आणि चीनमधून आलेल्या या फळास युरोपात त्याच अंमलदारांचे नाव मिळाले. तात्पर्य, आपल्या हाटात गोणपाटावर ढीग घालून विकले जाणारे संत्रे स्पॅनिश भाषेत मंत्रिपदाचा हुद्दा भोगीत आहे.

फळामागोमाग सारे वाणसामान येते. साखरेला ‘आसूकार’ म्हणतात, ती संस्कृत ‘शर्करा’, लिंबाला ‘लिमोन’, कापराला ‘आल्कान्फोर’, तो ‘कर्पूर’, लाखेला ‘लाका’, ती ‘लाक्षा’. खापा आणि सावनेरकडील रंगाऱ्यांच्या परिचयाची नीळ तेथे ‘आन्यील’ आहे. भरताचे वांगे संस्कृतात ‘वातिंगण’ होते, इराणात ‘बादिंगान’ झाले आणि स्पेनमध्ये ‘बेरेन्हेना’ म्हणून चुलीवर चढले. यांपैकी कित्येक शब्दांच्या प्रारंभी ‘आ’ किंवा ‘आल’ असे जे एक शेपूट उलट बाजूस लागलेले दिसते ते अरबी भाषेतील ‘अल’ हे दर्शक उपपद होय. स्पेनच्या शेतकऱ्यांनी वस्तूबरोबर तेही गिळले आणि पुढे ते वेगळे काढण्याच्या खटपटीत कोणी पडले नाही. ते मनातल्या मनात सोडवून पाहिले म्हणजे अनोळखी शब्दांतून ओळखीचा चेहरा पुढे येतो, ही युक्ती नवशिक्यास फार उपयोगी पडते.

वस्तूंच्या मागून विद्याही त्याच वाटेने गेल्या. उत्तर स्पेनमधील आल्बेल्दा येथील मठात ९७६ साली लिहून पूर्ण झालेल्या हस्तलिखितात हिंदूंच्या नऊ अंकांचे चित्रण असून ते युरोपातील सर्वांत जुने मानले जाते. ‘शून्य’ या अर्थाचा अरबी शब्द ‘सिफ्र’. त्याच्यापासून स्पॅनिशमध्ये आकड्यासाठी ‘सीफ्रा’ आणि शून्यासाठी ‘सेरो’ असे दोन शब्द निघाले. चतुरंगाचा शतरंज आणि शतरंजाचा ‘आहेद्रेस’ झाला, व दहाव्या आल्फोन्सो राजाने १२८३ मध्ये त्यावर सचित्र ग्रंथ सिद्ध करविला. याच आल्फोन्सोने राजपुत्र असताना, १२५१ च्या सुमारास, ‘कालीला आणि दिम्ना’ या अरबी ग्रंथाचे भाषांतर करविले, ते स्पॅनिश कथात्मक गद्याच्या आद्य कृतींपैकी एक गणले जाते. आणि त्यातील दोन कोल्हे म्हणजे आपल्या पंचतंत्रातील करटक व दमनक हे निराळे सांगावयास नको. ज्या भाषेने बाल्यावस्थेत पंचतंत्र गिरविले तिला सर्वस्वी परकी कसे म्हणावे?

परंतु सावनेरच्या दृष्टीने याहून निकटचा संबंध कचेरीचा आहे. हा मुलूख देवगडच्या गोंड राजांच्या अमलाखाली होता; त्यांपैकी बख्त बुलंद याने औरंगजेबाच्या दरबाराशी संबंध जोडून मोगली रीतीची व्यवस्था आणली आणि अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर वसविले. नंतर भोसल्यांचे राज्य आले, १८५४ मध्ये ते खालसा होऊन इंग्रजी अंमल बसला, तरी मोडी दप्तरातील फारसी-अरबी शब्द जागचे हलले नाहीत. हेच अरबी शब्द त्यापूर्वी कित्येक शतके स्पेनच्या दप्तरांत शिरले होते. कारण जेथे जेथे अरबी धाटणीचा महसूल वसूल झाला तेथे तेथे वसुलीची परिभाषाही मागे राहिली. आपल्याकडील ‘दिवाण’ तेथे ‘आद्वाना’ झाला आणि त्याचा अर्थ जकातीचा नाका असा ठरला. खरेदीखताला आपण ‘कबाला’ म्हणत होतो. तेथे ‘आल्काबाला’ हा विक्रीवरील राजकर होऊन शेकडो वर्षे प्रजेच्या शिव्या खात राहिला. खजिन्यावर काढलेल्या हुकुमाला मराठी दप्तरात ‘बरात’ अथवा ‘वरात’ म्हणत; स्पेनमधील दुकानदार आजही मालासोबत जो कागद देतो त्याला ‘आल्बारान’ म्हणतात. नाव घेण्याचे टाळून ‘फलाणा मनुष्य’ म्हणण्याची आपली रीत तेथे ‘फुलानो’ या रूपाने तितकीच रूढ आहे. आणि ज्या क्विंटलने सावनेरच्या बाजारात आज कपाशीचा भाव पुकारला जातो तो ‘किन्ताल’ लॅटिनमधून ग्रीकात, ग्रीकातून अरबीत ‘किंतार’ होऊन पुन्हा युरोपात परतलेला जुना प्रवासी आहे. आपल्याकडे मात्र तो दशमान वजनांबरोबर १९५६ च्या कायद्यानंतर आला आणि त्याने मण व शेर यांना पेन्शनीत काढले, तरी रुईचा व्यापारी अद्याप खंडीवाचून बोलत नाही.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. नातलग शब्द जितके साहाय्य करतात तितकेच फसवितातही, कारण दूरच्या मुलखात गेलेल्या माणसांप्रमाणे त्यांचे हुद्दे बदललेले असतात. आपला काजी न्यायासनावर बसून होता. स्पेनमध्ये तोच ‘आल्काल्दे’ होऊन शहराचा नगराध्यक्ष बनला. उलट वजिराची गत अशी झाली की राज्याचा हा प्रधान ‘आल्ग्वासील’ या नावाने समन्स बजावणारा बेलिफ होऊन दारोदार हिंडू लागला. ‘मिस्कीन’ म्हणजे दीनदुबळा. ‘मेस्कीनो’ म्हणजे कवडीचुंबक. ‘तारीफ’ आपण तोंड भरून करतो. ‘तारीफा’ मात्र दरपत्रक असून मोटार भाड्याने घेताना वा टपाल टाकताना ती आधी विचारावी लागते. म्हणून शब्द ओळखीचा वाटला की त्याचा अर्थही ओळखीचाच असेल असे गृहीत न धरता त्याच्या आजच्या कामाची चौकशी करावी, हा नियम विद्यार्थ्याने पहिल्याच दिवशी वहीत टिपून ठेवावा.

आतापर्यंतचे शब्द इकडून तिकडे गेले. १४९२ नंतर उलट दिशेची वाहतूक सुरू झाली. त्या साली कोलंबस पश्चिमेच्या बेटांवर उतरला, १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतेस लागला, आणि १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतले. मक्याला स्पॅनिशमध्ये ‘माईस’, रताळ्याला ‘बाताता’, तंबाखूला ‘ताबाको’ आणि पपईला ‘पापाया’ म्हणतात. हे कॅरिबियन बेटांतील मूळ रहिवाशांचे शब्द. ‘तोमाते’ आणि ‘चीले’ हे मेक्सिकोतील नावात्ल भाषेतले. पोर्तुगीज गलबतांनी ही पिके आणि त्यांची नावे कोकणपट्टीवर उतरविली, म्हणून मुंबई-पुण्याकडे बटाटा आला आणि पेरूही आला. सावनेरच्या बाजारात मात्र ऐकावे तर बटाटा ‘आलू’ असतो, पेरूचा ‘जाम’ होतो, पपईची ‘पोपई’ आणि टोमॅटोचा ‘टमाटर’, अथवा अस्सल वऱ्हाडी घरात ‘भेदरं’. समुद्राची लाट सह्याद्री ओलांडून येथवर येताना क्षीण झाली आणि उत्तरेकडून आलेल्या हिंदुस्थानीने तिची जागा घेतली, याचा हा भाजीबाजारातील पुरावा होय. त्यामुळे स्पॅनिश शिकताना गोमंतकातील विद्यार्थ्यास जे शब्द फुकट मिळतात ते सगळे सावनेरकरास मिळत नाहीत. त्याची भरपाई कचेरीतील शब्दांनी होते. तरीही काही सागरी पाहुणे येथवर पोहोचलेच: साबण ‘हाबोन’ आहे, चाबी ‘यावे’ आहे, पाव ‘पान’ आहे, आणि खाणीतील कामगार महिन्याच्या शेवटी ज्याची वाट पाहतो तो पगार पोर्तुगीज व स्पॅनिश या दोन्ही भाषांत ‘पागार’ म्हणजे पैसे चुकते करणे, या क्रियापदाचाच सगोत्र आहे. खुद्द कपाशीचेही तसेच. तिचे स्पॅनिश नाव ‘आल्गोदोन’ अरबी असले, तरी विदर्भाच्या काळ्या मातीत आज उभ्या असलेल्या पऱ्हाटीचा फार मोठा भाग ज्या अमेरिकन जातीचा आहे तिचे मूळ माहेर मेक्सिकोच आहे. देशी कपाशी हळूहळू मागे हटली आणि ही परदेशी सून घरधनीण झाली.

येथवर शब्दांनी प्रवास केला. या प्रांतातील ज्या माणसाने स्वतः तो प्रवास करून स्पॅनिशला नित्य व्यवहाराची भाषा केली त्याचे नाव पांडुरंग सदाशिव खानखोजे. वर्ध्याचे हे तरुण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात देशाबाहेर पडले, जपानमार्गे अमेरिकेस जाऊन तेथे कृषिशास्त्र शिकले, गदरच्या क्रांतिकारकांत वावरले, पहिल्या महायुद्धात इराणच्या भूमीवर इंग्रजांविरुद्ध लढले, आणि स्वदेशाचे दार बंद झाल्यावर १९२४ मध्ये मेक्सिकोत पोहोचले. तेथे १९१० च्या क्रांतीनंतर जमीनदारांच्या इस्टेटी मोडून कुळांस जमिनी वाटण्याचे काम चालू होते. जमीन मिळालेल्या शेतकऱ्यास बियाण्याची आणि ज्ञानाची गरज होती. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात खानखोजे प्राध्यापक झाले. मक्याचा ‘तेओसिंते’ या त्याच्या रानटी भाऊबंदाशी संकर करून अधिक कणसे देणाऱ्या वाणांचा त्यांनी अभ्यास केला, शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा चालविल्या, आणि आपले निष्कर्ष स्पॅनिश पुस्तिकांतून प्रसिद्ध केले. तीना मोदोत्ती या छायाचित्रकार बाईंनी त्यांच्या कामाची छायाचित्रे घेतली, आणि दिएगो रिवेरा या थोर चित्रकाराने मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रंगविलेल्या चित्रात, गोरगरिबांसमवेत एकाच मेजावर भाकर मोडणाऱ्या पुरुषाच्या रूपाने, त्यांस अमर केले.

त्यांच्या आधी मानवेंद्रनाथ रॉय यांनीही १९१७ ते १९१९ या काळात मेक्सिकोत राहून स्पॅनिश आत्मसात केली आणि हिंदुस्थानच्या भूत, वर्तमान व भविष्य यांवर त्या भाषेत ग्रंथ लिहिला; तथापि रॉय यांची स्पॅनिश व्यासपीठाची व नियतकालिकाची होती, खानखोजे यांची बांधावरची. शेतकऱ्यास नांगराची तऱ्हा, बियाण्याची पारख आणि पाण्याची पाळी समजावून द्यावयाची तर अलंकारिक भाषा काय कामाची? तेथे लागतात ते ‘सेमीया’ म्हणजे बी, ‘तिएर्रा’ म्हणजे जमीन, ‘आग्वा’ म्हणजे पाणी, ‘कोसेचा’ म्हणजे सुगी, असे अल्पाक्षरी शब्द. स्वातंत्र्यानंतर खानखोजे मायदेशी परतले, नागपुरास राहिले आणि १९६७ मध्ये तेथेच निवर्तले. त्याच्या आदल्या वर्षी, १९६६ मध्ये, मेक्सिकोत तयार झालेल्या गव्हाचे सुमारे १८ हजार टन बियाणे भारत सरकारने आणविले होते. त्या वाणांपैकी एकाचे नाव ‘लेर्मा रोहो’, म्हणजे लेर्मा येथील तांबडा, आणि दुसऱ्याचे ‘सोनोरा ६४’, मेक्सिकोच्या एका राज्यावरून. ती नावे बियाण्याच्या पोत्यांवर वाचणाऱ्या शेतकऱ्यांपैकी कोणासही आपण स्पॅनिश वाचीत आहोत याची जाणीव असण्याचे कारण नव्हते. चापिंगोच्या विद्यापीठात मात्र वर्ध्याच्या या पुत्राचा पुतळा २०२२ मध्ये उभा राहिला.

आता नित्याच्या बोलण्याकडे वळू. सकाळी ‘ब्वेनोस दियास’, विनंतीस ‘पोर फावोर’, आभारास ‘ग्रासियास’, वाट मागताना ‘कोन पेर्मीसो’, आणि बाजारात ‘क्वान्तो क्वेस्ता’ म्हणजे केवढ्याला, एवढ्या शिदोरीवर परक्या गावात पहिला दिवस निभावतो. मात्र यांहून महत्त्वाचा आहे तो आदराचा विवेक. स्पॅनिशमध्ये बरोबरीच्यास ‘तू’ आणि वडीलधाऱ्यास ‘उस्तेद’ म्हणतात. हा ‘उस्तेद’ म्हणजे ‘आपली कृपा’ या अर्थाच्या दोन दरबारी शब्दांचा झिजून उरलेला अवशेष असल्याने त्याचे क्रियापद तृतीयपुरुषी असते. जुन्या मराठी घरांत ‘रावसाहेबांनी बसावे, पान घ्यावे’ असे समोरच्यालाच तृतीयपुरुषात म्हणण्याची जी चाल होती तिच्याशी हे तंतोतंत जुळते. निरोपाचेही तसेच. आपण जाताना ‘जातो’ म्हणणे अशुभ मानून ‘येतो’ म्हणतो. स्पॅनिश मनुष्य ‘आस्ता ल्वेगो’, म्हणजे पुन्हा भेटेपर्यंत, म्हणून निघतो, आणि त्यातील ‘आस्ता’ हा शब्द अरबी ‘हत्ता’पासून आलेला आहे. मनीची इच्छा सांगताना तो ‘ओहाला’ म्हणतो, तेव्हा देवाच्या इच्छेचा तो जुना अरबी हवाला त्याच्याही नकळत त्याच्या मुखातून निघत असतो.

उच्चाराच्या बाबतीत मराठी मनुष्यास तक्रार करावयास जागा नाही. स्पॅनिशचे ‘त’ आणि ‘द’ आपल्याप्रमाणे दंत्य आहेत, स्वर मोजके पाच आहेत, आणि लिहिले तसे वाचावे हा नियम देवनागरीइतका नसला तरी इंग्रजीहून कितीतरी इमानाने पाळला जातो. वाक्यरचनाही अनपेक्षितपणे घरची निघते. ‘मे गुस्ता ला नारान्हा’ हे वाक्य इंग्रजी शाळेत वाढलेल्यास उलटे वाटते, कारण त्यात ज्याला फळ आवडते त्या माणसाला कर्तेपण नसून ते फळाकडे आहे. मराठीत तर ‘मला संत्रे आवडते’ याखेरीज दुसरी सोय नाही. ‘मे द्वेले ला काबेसा’ म्हणजे ‘माझे डोके दुखते’, आणि दोन्हीकडे दुखण्याचे काम डोकेच करते. म्हणून सावनेरच्या विद्यार्थ्याने स्पॅनिशचा अर्थ इंग्रजीच्या दारातून आणू नये. सरळ मराठीतून आणावा, म्हणजे निम्मा घोटाळा आपोआप टळेल.

घोटाळा उरतो तो क्रियापदांत, आणि तेथे इतिहासाची मदत संपते. ‘असणे’ या एकाच अर्थासाठी स्पॅनिशमध्ये ‘सेर’ आणि ‘एस्तार’ अशी दोन क्रियापदे आहेत. एकाच्या ‘एस’ या रूपात संस्कृत ‘अस्ति’चा आणि दुसऱ्याच्या ‘एस्ता’मध्ये ‘तिष्ठति’चा दूरचा भाऊ दिसतो. ‘संत्रे गोड असते’ आणि ‘हे संत्रे गोड आहे’ हा भेद आपणही करतो, म्हणून सुरुवातीस वाटते की हे जमले. पण ‘सोय दे सावनेर’, म्हणजे मी सावनेरचा, यात ‘सेर’ लागतो, आणि ‘सावनेर एस्ता सेर्का दे नागपूर’, म्हणजे सावनेर नागपूरजवळ आहे, यात गाव कधीही हलणार नसतानाही ‘एस्तार’ लागतो. कारण स्थान सांगताना स्थायी-अस्थायीचा विचारच करावयाचा नसतो. असे नियम व्युत्पत्तीने सुटत नाहीत, ते वापराने अंगवळणी पडतात. नामे आपल्याला बाजाराने, कचेरीने आणि बियाण्यांनी बिनमोल दिली. क्रियापदे ज्याची त्याने कष्टाने मिळवावयाची आहेत, आणि खानखोजे यांनी ती शेतकऱ्याशी बोलण्याच्या निकडीतून मिळविली हेच त्यांच्या चरित्रातून घेण्याजोगे. ज्याला स्पॅनिश शिकावयाची आहे त्याने शब्दांची यादी लांबविण्यापेक्षा ती कोणाशी आणि कशासाठी बोलावयाची हे आधी ठरवावे.